पांढरी कड

आमच्या खोलीत बाटलीच्या अंगावर काही लिहायचं नाही, झाकणावर लिहायचं, हा नियम माझा. एकोणीस वर्षं तो चालला. मग एका सोमवारी मीच तो मोडीत काढला. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय झालं ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगणार आहे.

मी मासे सांभाळते. खाण्याचे नव्हेत आणि शोभेचेही नव्हेत, संशोधनाचे. करंगळीहून लहान, अंगावर निळे पट्टे, म्हणून नाव झेब्रामासा. अशा माशांच्या दोनशे चाळीस टाक्या, बिनखिडकीची खोली, सतत घरघरणारे पंप आणि सकाळी ठरल्या वेळी आपोआप लागणारे दिवे. दिवे लागले की नर-मादीच्या मधली पडदी मी उचलते. तासाभरात तळाशी अंडी पडतात, ती चहाच्या गाळणीने गोळा करते. गाळणी बघून पाहुण्यांना हसू येतं. त्याहून बरं काही अजून कुणी शोधून काढलेलं नाही. तर या खोलीत सगळं सदा ओलं असतं. बाटलीवर पेनाने लिहिलं की दुपारपर्यंत शाई ओघळते. झाकण तेवढं कोरडं राहतं, म्हणून मी झाकणं धरली.

सगळे मला मावशी म्हणतात. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असलेल्या आमच्या मॅडमसुद्धा मावशीच म्हणतात. मॅडम म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पहिल्या वर्षी मला राग यायचा, आता सवय झालीय.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे गाड्यांचे मेकॅनिक. गाडी फाटकातून आत येत असतानाच हे मान तिरकी करून सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट वाजतंय," आणि बॉनेट उघडल्यावर तिसऱ्याचंच निघायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ गिऱ्हाईकही तोंड बंद ठेवायचं. दीड वर्षापूर्वी ह्यांच्या रक्तात जंतू पसरले. डॉक्टरांनी एक कडक औषध शिरेतून दिलं. दिलं नसतं तर हे आज नसते. जीव वाचला, दोन्ही कान गेले. असं होऊ शकतं हे आधी सांगूनच दिलं होतं, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं.

आणि त्याच जातीचं औषध मी दर बुधवारी माशांच्या पिल्लांना देते. ते माझ्या कामातच आहे.

माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत ठिपक्यांची एक ओळ असते. एकेका ठिपक्यात दहा-बारा पेशी, आणि प्रत्येकीच्या टोकाला बारीक केसांचा झुबका. पाणी हललं की केस हलतात आणि माशाला कळतं की कुणीतरी आलं, किंवा प्रवाह कुठून आहे. त्यांना केशपेशी म्हणतात. माणसाच्या कानात, अगदी आत, अशाच केशपेशी असतात. फरक एवढाच की माणसाच्या मेल्या की मेल्या. माशाच्या दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवतात. त्या का उगवतात आणि आपल्या का नाहीत, हे शोधण्यात मॅडमची बारा वर्षं गेलीत. त्यासाठी बुधवारी आम्ही पेशी मारतो आणि मग पुढचे तीन दिवस मोजत बसतो.

घरी आमचं बोलणं असं चालतं: हे तोंडाने बोलतात, मी लिहिते. लिहायला गॅरेजची जॉबकार्डं. वर 'गाडी', खाली 'तक्रार', त्याखाली 'काय केलं'. एक गठ्ठा छापताना वाकडा आला होता, तो आमच्या संसाराला लागला. तक्रार: ओला टॉवेल पुन्हा पलंगावर. हे कार्ड घेऊन खाली लिहायचे: काय केलं: उचलला. भांडणसुद्धा या तीन रकान्यांत बसवावं लागतं म्हटल्यावर निम्मी भांडणं लिहीपर्यंतच विरून गेली.

त्या सोमवारच्या महिनाभर आधी इस्पितळातून तारीख मिळाली होती. कानात आत एक बारीक तार बसवतात. ती तार मेलेल्या पेशींना बाजूला ठेवून थेट मज्जातंतूला आवाज पोचवते. सव्वा वर्ष आम्ही त्या रांगेत होतो. सर्जनबाईंनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. उशीर करू नका, मेंदू आवाज विसरत जातो. आणि ज्या कानात तार गेली, त्यात जे काही शिल्लक आहे त्याची हमी देता येणार नाही. तारीख होती त्या सोमवारनंतरच्या गुरुवारची. तारीख सोडली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं.

हे सगळं असताना मी काय करून ठेवलं ते ऐका.

आधीच्या मंगळवारी मी पिल्लांसाठी पाणी केलं. पिल्लांना नळाचं पाणी चालत नाही. शुद्ध पाण्यात चार क्षार मोजून घालायचे, त्यातला एक कॅल्शियमचा. एक कॅन ताजं पाणी झालं, एक आदल्या आठवड्याचा शिल्लक होता. बुधवारी मॅडमच्या नव्या औषधाची परीक्षा होती. त्याला मी 'उगवायचं औषध' म्हणते आणि दुसऱ्याला 'मारायचं औषध'. मोठी नावं मला येतात, पण ती घेऊन कोणाचं भलं झालंय. उगवायचं औषध ज्यांना द्यायचं त्या बश्यांत मी ताजं पाणी घातलं. साध्या बश्यांत जुनं घातलं. दोन्ही पाणी मीच केलेलं, एरवी त्याने काही बिघडत नाही.

तासभर मारायचं औषध दिलं, तीनदा धुतलं, मग साक्षीदार बशी काढली. ही आमच्याकडची रीत. पेशी खरंच मेल्यात ना, हे एका बशीत लगेच बघून घ्यायचं. पिल्लं नाजूक, सगळ्यांना हाताळायचं नाही, म्हणून एकीने सगळ्यांच्या वतीने साक्ष द्यायची. साक्षीदार नेहमी साध्या बश्यांतली घेतात. त्या दिवशीही तशीच घेतली. रंग टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी हिरव्या चमकतात. साक्षीदार बशीत काळोख होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

गुरुवारी मॅडम मोजायला बसल्या. साध्या बश्यांत एका ठिपक्याला तीन, चार, तीन. उगवायच्या औषधाच्या बश्यांत दहा. अकरा. दहा. त्यांच्या हातातलं मोजणीचं बटण टकटक चाललं होतं, ते थांबलं.

"मावशी, तुम्ही मोजा," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

मी मोजल्या. अकरा. एका दिवसात अकरा. मॅडम कधी कुणाला मिठी मारणाऱ्यातल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी माझा ओला हात धरून ठेवला. शुक्रवारी त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं आणि शनिवारी तोच आकडा आला. पाणी त्याच कॅनमधलं होतं, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात येणार.

घरी सांगायचं नाही असं मी गुरुवारी रस्ताभर ठरवत आले आणि चपला काढायच्या आत कार्ड हातात घेतलं. गाडी: मासे. तक्रार: काही नाही. काय केलं: केस एका दिवसात परत आले.

हे बराच वेळ वाचत होते. मग टकलावरून हात फिरवून म्हणाले, "इथेही चालेल का ते औषध?"

मी हसले. हेही हसले. दीड वर्षात ह्यांचं असं मोकळं हसणं मी ऐकलं नव्हतं. जेवताना ह्यांनी विचारलं, माणसापर्यंत यायला किती दिवस लागतील? मी लिहिलं, माहीत नाही, वर्षं. हे म्हणाले, "वर्षं काढू की. पण तार घातली आणि आतलं उरलंसुरलंही बिघडलं, तर उगवणार कुठे?" शनिवारपर्यंत ह्यांचं ठरलं होतं की सोमवारी दुपारी इस्पितळात जाऊन तारीख परत करायची.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, दोन गल्ल्या सोडून राहतात. भाऊ बहिरा झाल्यापासून त्या त्याच्याशी ओरडून बोलतात. त्याला ऐकू येत नाही आणि आम्हाला ऐकवत नाही. त्यांनी रविवारी येऊन जाहीर केलं की आपल्या वहिनीने औषध शोधलंय, आता कापाकापी कशाला, मी स्वतः तुझ्याबरोबर येते. मी म्हटलं, "वन्सं, मी शोधलेलं नाही, मी बश्या धुते." त्यांनी ते विनयात जमा केलं.

आणि सोमवार उजाडला.

सकाळी मी आठवड्याच्या बश्या धुवायला घेतल्या. ट्रेमध्ये त्या सुकून पडल्या होत्या. एका बाजूला साध्या, एका बाजूला औषधाच्या. साध्या बश्या स्वच्छ होत्या. औषधाच्या बश्यांना आतून गोल पांढरी कड धरली होती. किटलीच्या तळाला धरते तसली. नखाने खरवडली तर भुकटी आली. औषधाची असेल असं म्हणून मी स्पंज लावला, आणि मग स्पंज तसाच ठेवून मंगळवारच्या पाण्याचा कॅन बघितला. ज्या कॅनमध्ये औषधाचा थेंबही गेला नव्हता, त्याच्या तोंडालाही पांढरी कड होती.

मग मी फळीवरच्या कॅल्शियमच्या दोन बाटल्या उतरवल्या. एक रोजची आणि एक दहापट कडक. कडक बाटली मीच करून ठेवलेली, फळीवर जागा कमी लागते म्हणून. दोन्ही बाटल्या सारख्याच, पाणीही दिसायला सारखंच. फरक फक्त झाकणावर. झाकणं मी दर सोमवारी एकत्र एका वाडग्यात धुते. रोजच्या बाटलीचा तळ बघितला, त्याला एक जुना ओरखडा आहे, तो मला ओळखीचा. त्या बाटलीवर 'कडक' लिहिलेलं झाकण होतं. म्हणजे मंगळवारी मी रोजचं समजून कडक ओतलं होतं.

मी स्टुलावर बसले. कॅल्शियम जास्त झालं की मारायचं औषध पेशींत शिरू शकत नाही, हे या धंद्यातली सगळी माणसं जाणतात. म्हणजे औषधाच्या बश्यांत पेशी उगवल्या नव्हत्या, कारण त्या मेल्याच नव्हत्या. आणि साक्ष दिली होती दुसऱ्याच पाण्यातल्या बशीने.

तरी मन मानेना. मी त्या दिवशी पाच दिवसांची झालेली पिल्लं घेतली आणि दोन बश्या लावल्या. एकीत जुनं पाणी, एकीत मंगळवारचं. उगवायचं औषध दोन्हींत नाही. मारायचं औषध दोन्हींत टाकलं आणि घड्याळ लावलं. तो तास मला फार मोठा गेला. तेवढ्या वेळात माझ्या मनात जे आलं ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. कॅन मोरीत ओतायचा, बश्या घासायच्या, झाकणं अदलाबदल करायची. पुढच्या खेपेला आकडे आले नाहीत की मॅडम म्हणतील, औषधाची पुडी जुनी झाली. मला कोणी काही विचारणार नव्हतं. पण तोवर आमचे हे इस्पितळाच्या खिडकीवर सही करून आले असते.

तास झाला. धुतलं, रंग टाकला. जुन्या पाण्यात काळोख. मंगळवारच्या पाण्यात ठिपकान् ठिपका लखलखत होता.

मॅडम आल्या तेव्हा मी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची त्यांच्यासाठी ओढून ठेवली होती. त्या पिशवीही न ठेवता बसल्या. एका बशीत बघितलं, दुसऱ्या बशीत बघितलं.

"ही औषधाची ना?"

"नाही," मी म्हटलं. "औषध दोन्हींत नाही. पाणी वेगळं आहे. माझ्याकडून कॅल्शियम दहापट पडलं. झाकणं बदलली होती."

त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि बटण टकटक करत मोजायला लागल्या. अकरापर्यंत मोजून थांबल्या.

"मावशी, मी शनिवारी माझ्या सरांना फोन केलाय," त्या म्हणाल्या. "सर ऐंशीचे आहेत. ते फोनवर रडले."

"मी आमच्या ह्यांना सांगितलंय," मी म्हटलं. "ते आज तारीख परत करायला निघालेत."

मॅडमनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना ऑपरेशनचं माहीत होतं, पण हे माहीत नव्हतं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नोंदवही ओढली आणि बुधवार ते शनिवारच्या पानांवर तिरपी रेघ मारली. रेघ सरळ आली नाही. कडेला लिहिलं, पाण्यात कॅल्शियम दहापट, आणि खाली तारीख घालून सही केली. मग माझ्यापुढे वही सरकवली आणि मीही सही केली.

"साक्षीदार बशी यापुढे दोन्हींकडून घ्यायची," त्या म्हणाल्या. "हे मला बारा वर्षांत सुचलं नाही, ही चूक माझी. आणि मावशी, बाटलीवर कोरून लिहा. शाईने नको, खिळ्याने."

"कोरते."

"आता आधी घरी जा. नाही, थांबा. त्यांना इथे घेऊन या."

पुढच्याच आठवड्यात आम्ही योग्य पाण्यात सगळं पुन्हा केलं, ते इथेच सांगून टाकते. साध्या बश्यांत पहिल्या दिवशी चार आले, औषधाच्या बश्यांत पाच. कधी चार, पण बरेचदा पाच. मॅडम म्हणाल्या, पाच म्हणजे काहीच नाही किंवा फार मोठी गोष्ट आहे, अजून सांगता येणार नाही. त्यांनी तो पाच वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली नाही.

तर मी गॅरेजला गेले. हे एका व्हॅनपाशी उभे होते, बॉनेट उघडं, इंजिन चालू, दोन्ही तळहात इंजिनावर ठेवलेले. कान गेल्यापासून ह्यांनी ही नवी रीत काढलीय. ठोका हातांना कळतो, बारीकसारीक कळत नाही. गिऱ्हाईकं कमी झाली होती, हे मला सांगत नसत. ह्यांना हाक मारायची तर गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची. मी थाप मारली. ह्यांनी वळून बघितलं, माझा चेहरा बघितला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी कार्ड काढलं. गाडी: मासे. तक्रार: औषधाने केस परत आले नाहीत. ते मेलेच नव्हते. पाणी मी चुकीचं केलं. काय केलं: मॅडमना सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

हे दोनदा वाचून झाल्यावर हात पुसायला लागले. आधीच स्वच्छ असलेले हात बराच वेळ पुसत होते.

"म्हणजे इंजिन उघडलंच नव्हतं," हे म्हणाले, "आणि दुरुस्त झालं म्हणून सांगितलं."

मी मान हलवली.

"चार रात्री मला बरी झोप लागली गं." हे अगदी साध्या आवाजात म्हणाले. दुसरं काही बोलले असते तर मी सहन केलं असतं. मी तिथेच व्हॅनच्या चाकाशी बसून रडले, आणि ह्यांनी तो ग्रीसचा फडका माझ्यापुढे धरला. तो मी तोंडाला लावला आणि नाकाला काळा डाग लागला, तो दिवसभर तसाच राहिला. कोणी सांगितलंही नाही.

तेवढ्यात वन्सं पर्स घेऊन हजर. इस्पितळात जायला तयार. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला बघितलं, मग भावाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या. "मग आता?"

"आता मासे बघायचे," मी म्हटलं आणि कार्डावर तेच लिहिलं.

ह्यांनी माझी खोली कधी बघितली नव्हती. एकोणीस वर्षं म्हणत होते, बघू एकदा. आत आल्या आल्या ह्यांनी टाक्यांच्या लोखंडी चौकटीला हात लावला आणि म्हणाले, "चौथ्या पंपाचं बेअरिंग जातंय." मी आजवर तो पंप ऐकत होते आणि मला पत्ता नव्हता. पुढे महिन्याभरात त्या पंपाने मान टाकली, हा भाग वेगळा.

मॅडमनी ह्यांना खुर्चीत बसवलं. पहिली बशी सकाळची, जुन्या पाण्यातली. हे बघत राहिले. "काळोख आहे."

"तुमच्या कानात झालं तेच," मी लिहिलं.

मग मॅडमनी दुसरी बशी ठेवली. साधी बशी, शुक्रवारी याच औषधाने मारलेली. तिची साक्षीदार बशी मी स्वतः बघितली होती, तिच्यात काळोखच होता. उगवायचं औषध हिला कधी मिळालं नव्हतं. आज तिचा तिसरा दिवस होता. हे वाकले आणि मग काही हलेचनात. मला भीती वाटली. मग ह्यांचे ओठ हलायला लागले. मोजत होते. "सात... आठ... नऊ."

"हिला काय दिलं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी लिहिलं.

"मग कोणी केलं?"

मी लिहायला लागले. मेलेल्या पेशीच्या भोवती शेजारच्या आधाराच्या पेशी असतात. जागा रिकामी झाली की त्यातली एक दुभंगते, एकीच्या दोन होतात, आणि त्या दोघींना केस फुटतात. कार्ड भरलं, दुसरं घेतलं. माणसाच्या कानातही त्या शेजारणी आहेत. जिवंत आहेत. फक्त त्यांना उठायचं माहीत नाही.

हे वाचून ह्यांनी माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघितलं. "माणसाचं कधी होईल?"

मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'माहीत नाही. खोटं सांगणार नाही.' मग थोडं थांबून खालच्या रकान्यात लिहिलं, 'रोज येतो आणि मोजतो.'

ह्यांनी ते कार्ड घडी करून खिशात ठेवलं. वन्संनीही तोवर डोळा लावून बघितलं होतं. "मला तर काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की उघडा ठेवायचा तो डोळा त्यांनी मिटलाय. मग दिसलं आणि त्या गप्प झाल्या. दिवसातला हा दुसरा चमत्कार.

इस्पितळाची खिडकी चारला बंद होते. आम्ही पावणेचारला पोचलो. तारीख परत करायचं कोणी बोललं नाही, कायम करायचंही बोललं नाही. हे पुढे आणि आम्ही दोघी मागे. सर्जनबाई स्वतः दारातच भेटल्या. त्यांना वाटलं गुरुवारच्या संमतीचा अर्ज भरायला आलोय. त्यांनी टेबलाशी बसवलं, अर्ज काढला. नाव, वय, मागचे आजार. मी लिहून दाखवायची, हे उत्तर द्यायचे. मग त्यांनी विचारलं, "कोणता कान? दोन्हींची स्थिती सारखीच आहे, तुम्ही म्हणाल तो."

मी कार्डावर लिहिलं: कोणता कान?

आमच्या ह्यांना आपला आवाज कळत नाही, त्यामुळे हे गॅरेजात बोलावं तसं बोलले. बाहेरच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली.

"उजवा तुम्ही घ्या," हे म्हणाले. "उजव्याने मला टॅपेट ऐकू आलं तरी पुरे. डाव्याला हात लावायचा नाही. तो हिच्या माशांसाठी ठेवलाय."

"हळू बोल रे," वन्सं त्याहून मोठ्याने म्हणाल्या.

मला वाटलं सर्जनबाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी अर्जावर नीट अक्षरात लिहिलं, 'शस्त्रक्रिया उजवा कान. डावा कान राखून ठेवला आहे.' त्याच्यापुढे कारणाचा रकाना होता. तिथे पेन टेकवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"इथे काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "काम चालू आहे."